दाभोळची पाइपलाइन, कतारची बोट आणि आपल्या उसाचा युरिया

कोल्हापूर जिल्ह्याच्या जमिनीखालून गॅसची एक मोठी पाइपलाइन जाते हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दाभोळला समुद्रकाठी सुरू होते, घाट चढून आपल्या जिल्ह्यात येते आणि पुढं बेळगाव, धारवाड करत थेट बंगळूरला जाते. गेल या सरकारी गॅस कंपनीनं ती 2013 मध्ये चालू केली. म्हणजे कतारमध्ये काय चाललंय, अमेरिकेत कोण निवडून आलं, युरोपात थंडी किती पडली, याचा संबंध आपल्या सीएनजी पंपावरच्या रांगेशी, एमआयडीसीतल्या भट्टीशी आणि शेतात टाकायच्या युरियाशी अगदी सरळ आहे. तरी टीव्हीवर एलएनजीचा विषय निघाला की एक पार्टी म्हणते हे देशहिताचं, दुसरी म्हणते देश विकला, आणि बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की नेमकं भांडण कशावरनं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी नावांचा घोळ मिटवू. घरात लाल सिलिंडर येतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, तो वेगळा विषय. सीएनजी, पीएनजी आणि एलएनजी हे तिन्ही मात्र एकच, नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. रिक्षात दाबून भरला की सीएनजी, पाइपनं स्वयंपाकघरात आला की पीएनजी, आणि उणे 162 अंशापर्यंत थंड करून त्याचं पातळ केलं की एलएनजी. एवढं थंड करायची भानगड का, तर पातळ झाल्यावर त्याला जागा साधारण 600 पट कमी लागते, मग तो बोटीत भरून समुद्रापार नेता येतो. एका मोठ्या बोटीत 70 हजार टनांच्या आसपास माल बसतो. इकडं टर्मिनलवर उतरवायचा, परत गरम करून वायू करायचा आणि पाइपलाइनमध्ये सोडायचा. आपल्या देशात पहिलं टर्मिनल 2004 ला गुजरातमध्ये दहेजला झालं, मग हाजिरा, दाभोळ, कोची, एन्नोर, मुंद्रा, धामरा असे वाढत गेले.

आता देशाचा हिशोब. आपल्याला लागणाऱ्या एकूण ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा साधारण 6 टक्के आहे, सरकारचं टार्गेट 2030 पर्यंत 15 टक्के. जो गॅस वापरतो त्यातला जवळजवळ निम्मा बाहेरनं येतो, 2024 मध्ये सुमारे 2.7 कोटी टन एलएनजी आला. देशातला गॅस का पुरत नाही म्हणाल तर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी6 या समुद्रातल्या गॅसक्षेत्रावर केवढ्या आशा होत्या, 2009 ला उत्पादन सुरू झालं, वर्षभरात रोजचं सहा कोटी घनमीटरच्या आसपास गेलं आणि मग पुढची दहा वर्षं ते घसरतच गेलं. त्या गॅसच्या भरवशावर कंपन्यांनी वीजकेंद्रं बांधून ठेवली होती, बँकांनी कर्जं दिली होती. आज देशात गॅसवर चालणारी वीजकेंद्रं साधारण 20 ते 25 हजार मेगावॉटची आहेत आणि त्यातली बरीचशी क्षमता वर्षातला बहुतेक काळ नुसती पडून असते. आपल्या ताब्यात नसलेल्या इंधनावर आधी प्लांट बांधायचा आणि इंधन नंतर शोधायचं, याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. एकदा काय, दोनदा. पहिल्यांदा मोजली ती महाराष्ट्रानं, एन्रॉन या अमेरिकी कंपनीला.

पण एन्रॉनवर यायच्या आधी हा गॅस विकत कसा घेतात ते बघूया, कारण सगळं राजकारण त्या करारातच असतं.

एलएनजी दोन पद्धतीनं मिळतो. एक, वीस-पंचवीस वर्षांचा करार. दोन, स्पॉट, म्हणजे आज बाजारात जो दर आहे तो देऊन एक बोट घ्यायची. लाँग टर्म करारात दर ठरलेला नसतो, फॉर्म्युला ठरलेला असतो, बहुतेक वेळा तो कच्च्या तेलाला बांधलेला असतो. उदाहरणादाखल धरा, करारात तेलाच्या दराच्या 12 टक्के असं ठरलंय आणि तेल 80 डॉलर आहे, तर गॅसच्या एका युनिटला (हे उष्णतेचं माप, एमएमबीटीयू, विजेचं युनिट नव्हे; पुढचे डॉलरमधले दरही याचेच) 9.6 डॉलर झाले. तेल 110 ला गेलं की तोच गॅस 13.2. यात गॅसचा काही दोष नाही, बांधणीच तशी आहे. आणि पैसे डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला तरी आपलंच बिल वाढणार.

दुसरी अट म्हणजे टेक ऑर पे. माल घ्या नाहीतर पैसे द्या. शिकायला कोल्हापुरात खोली करून राहिलेल्यांना हे लगेच कळेल, महिन्याची मेस लावली की तुम्ही जेवा नाहीतर गावाकडं जा, पैसे भरायचेच. विकणाऱ्याची बाजूही समजून घ्या, गॅस थंड करायचा प्लांट उभा करायला हजारो कोटी लागतात आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक हातात असल्याशिवाय बँक त्याला दारात उभं करत नाही. म्हणजे या धंद्यात धोका असतोच, करारात फक्त एवढंच ठरतं की तो कुणाच्या डोक्यावर टाकायचा.

एन्रॉनच्या वेळी तो सगळा आपल्या डोक्यावर आला.

डिसेंबर 1993. शरद पवार मुख्यमंत्री होते, वीज मंडळानं एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. गुहागर तालुक्यात अंजनवेलला प्लांट, दोन टप्पे, दुसऱ्या टप्प्यात एलएनजीवर चालवायचा. त्याच वर्षी जागतिक बँकेनं या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता, प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. करार असा की प्लांट वीज द्यायला तयार असला की मंडळानं ठरलेले पैसे द्यायचे, वीज उचलो न उचलो. इंधनाचा दर वाढला तर मंडळ भरणार, डॉलर वाढला तर मंडळ भरणार, मंडळ बुडालं तर राज्याची हमी आणि राज्याच्या मागं केंद्राची हमी.

1995 च्या निवडणुकीत हा मोठा मुद्दा झाला. गोपीनाथ मुंडे एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणून सभा गाजवत होते. युतीचं सरकार आलं, ऑगस्ट 1995 ला करार रद्द केला, आणि काही महिन्यांत पुन्हा बोलणी होऊन नवा करार झाला ज्यात प्लांट आणखी मोठा झाला, 2015 मेगावॉटचा 2184 मेगावॉट. केंद्राच्या हमीवर शिक्कामोर्तब मे 1996 मध्ये वाजपेयींच्या 13 दिवसांच्या सरकारनं केलं. म्हणजे काँग्रेस, शिवसेना, भाजप, सगळ्यांचे हात या कागदाला लागलेले आहेत, त्यामुळं आज कुणीही उठून दुसऱ्याकडं बोट दाखवलं तर त्याला ही तारीखवार यादी दाखवा. गुहागरच्या आसपासच्या गावांनी मात्र सुरुवातीपासनं विरोध केला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले, आणि त्यांचं म्हणणं विकासाच्या आड येणारी माणसं म्हणून बाजूला सारलं गेलं. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण करारातले जे प्रश्न तज्ज्ञांनी आणि मंत्र्यांनी विचारायचे ते त्या वेळी आंदोलक आणि कामगार संघटना विचारत होत्या.

मे 1999 ला पहिला टप्पा नाफ्त्यावर, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणाऱ्या इंधनावर, चालू झाला. तेल वाढलं तसा नाफ्ता वाढला, 1993 ला 31 रुपयांना असणारा डॉलर 2001 पर्यंत 46 च्या पुढं गेला होता, आणि वर मंडळ पूर्ण क्षमतेनं वीज उचलत नव्हतं, त्यामुळं ठरलेला बोजा कमी युनिटांवर पडून विजेच्या एका युनिटचा भाव काही महिने सात रुपयांच्या वर गेला. मंडळाला ते झेपणं शक्यच नव्हतं. मे 2001 ला खरेदी बंद केली, माधव गोडबोले समितीनं करारावर कडक टीका केली, आणि डिसेंबर 2001 ला एन्रॉन स्वतःच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. ओमान आणि अबुधाबीशी एलएनजीचे करार करून ठेवलेले, टर्मिनल अर्धवट, प्लांट बंद. शेवटी 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेलनं मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची कंपनी काढून तो सांगाडा ताब्यात घेतला. टर्मिनलवर गॅसची पहिली बोट लागली 2013 ला, आणि त्यानंतरही लाटा अडवणारा बंधारा पुरा नसल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात ते टर्मिनल बंद ठेवावं लागायचं. तेच टर्मिनल आणि त्याच्यातनंच निघणारी आपली पाइपलाइन.

यावरनं काहीजण म्हणतात लाँग टर्म करारच नको. ते मला पटत नाही, आणि का नाही त्यासाठी कतारचं उदाहरण बघा.

1999 मध्ये एलएनजी आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीनं कतारशी वर्षाला 75 लाख टनांचा करार केला, 2004 पासून माल यायला लागला. फॉर्म्युला असा होता की तेलाची मागच्या पाच वर्षांची सरासरी धरायची. 2014 च्या शेवटी तेल कोसळलं, स्पॉटचा गॅस 6-7 डॉलरला मिळायला लागला आणि आपण कतारला 12-13 डॉलर देत होतो, कारण सरासरीत जुनी महागाई अडकलेली. आपण 2015 मध्ये ठरल्यापेक्षा बराच कमी माल उचलला. कराराप्रमाणं दंड साधारण 12 हजार कोटी रुपये. पण त्या वेळी जगात गॅस उदंड झाला होता आणि कतारला गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. बोलणी झाली, फॉर्म्युला तीन महिन्यांच्या सरासरीवर आला, दर जवळपास निम्मा झाला, दंड माफ झाला, बदल्यात आपण वर्षाला आणखी दहा लाख टन घ्यायचं कबूल केलं. एन्रॉनच्या वेळी आपल्याला हे जमलं नाही आणि कतारबरोबर जमलं याचं एक कारण असं की 2015 ला आपण मोठं गिऱ्हाईक होतो, जगात दुसरे विकणारे होते आणि टेबलावर बसणारा माणूस त्या धंद्यातला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये हाच करार 2028 ते 2048 असा वीस वर्षं वाढवला, एकूण 78 अब्ज डॉलरचा, मात्र दराचा फॉर्म्युला कंपन्यांनी जाहीर केलेला नाही. वीस वर्षं जे बिल आपण भरणार त्याचा फॉर्म्युला आपल्याला माहीत असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, धंद्यातलं गुपित वगैरे कारणं एन्रॉनच्या वेळीही दिली होती.

आता 2022. रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपला पाइपनं येणारा रशियन गॅस आटला आणि युरोपानं जगातला मिळेल तो एलएनजी वाट्टेल त्या भावानं उचलायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये आशियाचा स्पॉट दर 70 डॉलरच्या घरात पोचला. पाकिस्ताननं टेंडर काढलं तर एकही कंपनी आली नाही, बांगलादेशनं स्पॉट खरेदीच थांबवली, दोन्हीकडं लोक अंधारात बसले. आपलंही पूर्ण सुटलं नाही, गेलचा रशियाच्या गाझप्रॉमशी वर्षाला 25 लाख टनांपर्यंतचा करार होता, पण तो गाझप्रॉमच्या जर्मन शाखेमार्फत, आणि जर्मनीनं ती शाखा ताब्यात घेतल्यावर आपल्या बोटी येणं बंद झालं. गेलला गिऱ्हाइकांचा पुरवठा कापावा लागला, त्यात खत कारखानेही आले. लवादात जाऊन 2025 च्या जानेवारीत 28.5 कोटी डॉलरवर मिटलं, पण ज्या महिन्यात गॅस पाहिजे होता त्या महिन्यात तो मिळाला नाही ते नाहीच.

म्हणून पाइपलाइनपेक्षा बोट बरी असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. इराण-पाकिस्तान-भारत पाइपलाइनची चर्चा कित्येक वर्षं झाली, मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना तर फार जोरात होती, तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे येणाऱ्या 'तापी' पाइपलाइनचा (चार देशांच्या आद्याक्षरांवरनं पडलेलं नाव) करार 2010 ला झाला, गॅस आपल्यापर्यंत आलेला नाही, कारण मध्ये कुणीही कॉक बंद करू शकतो. बोटीला ती भीती नाही, पण बोट वळते. जादा पैसे देणारा भेटला की वळते. शिवाय कतारच्या प्रत्येक बोटीला होर्मुझच्या सामुद्रधुनीतनंच बाहेर यावं लागतं, जगातला साधारण पाचवा हिस्सा एलएनजी तिथनं जातो. अमेरिकेचा माल त्या वाटेनं येत नाही, पण त्याला महिनाभराचा प्रवास आहे. मोझांबिकमध्ये तर आपल्या सरकारी कंपन्यांनी एका गॅसक्षेत्रात 30 टक्के हिस्सा घेऊन ठेवला होता, तिथं बंडखोरांचे हल्ले झाले आणि एप्रिल 2021 ला काम थांबलं.

विकणाऱ्या देशांतही हेच भांडण उलट्या बाजूनं चालतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरनं निर्यात सुरू झाल्यावर तिथल्याच कारखान्यांना गॅस महाग पडायला लागला, म्हणून 2017 मध्ये सरकारला निर्यात अडवता येईल असा नियम करावा लागला. अमेरिकेत गॅस कंपन्या म्हणतात निर्यात वाढवा, गॅस वापरणारे कारखाने म्हणतात आमचा दर वाढतो, पर्यावरणवाले म्हणतात मिथेन गळतो. बायडेन यांनी जानेवारी 2024 ला नव्या निर्यात परवान्यांना स्थगिती दिली, ट्रम्प यांनी आल्या आल्या उठवली. म्हणजे आपण वीस वर्षांचा करार करतो तेव्हा समोरच्या देशातल्या पाच निवडणुकाही त्यात धरायला पाहिजेत.

आपल्याकडच्या वादात तिन्ही बाजूंचं म्हणणं थोडं थोडं खरं आहे. गॅस जाळला तर कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, धूर-राख जवळजवळ नाहीच, हे खरं. पण वाटेत गळलेला मिथेन पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटीहून जास्त तापवतो, हेही खरं. कोळसा आपला स्वतःचा आहे आणि सोलर आता स्वस्त झालंय, तेही खरं. मला वाटतं विजेसाठी आयात गॅसवर अवलंबून राहायचं काही कारण नाही, संध्याकाळी विजेची मागणी एकदम वाढते तेव्हासाठी थोडी केंद्रं तयार ठेवली तर ठीक. जिथं गॅसला पर्याय नाही तिथं तो आधी द्यावा.

आणि तसली सगळ्यात मोठी जागा म्हणजे युरिया. इथं कोल्हापूरकरांनी नीट लक्ष द्यावं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, त्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा गॅसचाच. देशातला स्वस्त गॅस सरकारनं सीएनजी आणि घरगुती पीएनजीला आधी द्यायचं ठरवलंय, त्यामुळं खत कारखान्यांच्या गॅसचा मोठा भाग आयात एलएनजीचा आहे. आपल्याला 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला मिळते कारण मधला सगळा फरक सरकार सबसिडीत भरतं. एलएनजी महागला तर गोणीचा दर हलत नाही, देशाच्या बजेटला भोक पडतं, आणि ते भोक बुजवायला पैसे कुठनं तरी आपल्याकडनंच जातात. ऊस हे नत्र खाणारं पीक, म्हणजे शिरोळ-हातकणंगल्यातला प्रत्येक फड कतारच्या बोटीशी बांधला गेलाय. माती परीक्षण करून मोजून युरिया टाकणं हा मग फक्त शेतीखात्याचा सल्ला राहत नाही, तो थेट आयातीचा विषय होतो.

सीएनजीचंही बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं शहरांच्या गॅस कंपन्यांचा स्वस्त देशी गॅसचा कोटा कापला, लगेच ठिकठिकाणी दर वाढले, जानेवारीत थोडा कोटा परत मिळाला. महाराष्ट्रानं एप्रिल 2022 ला सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्के केला ते चांगलं झालं, पण नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळं शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखानदारानं भट्टीला गॅस वापरला तर त्यावरच्या करात त्याला जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. केंद्र आणि राज्य दोघंही गॅस वापरा म्हणतात आणि करात हात आखडतात.

साठ्याचा विषय तर कुणी बोलतच नाही. कच्च्या तेलासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली 53 लाख टनांची जागा केली आहे. गॅससाठी असं काही नाही, टर्मिनलच्या टाक्यांत असेल तेवढाच, आणि एलएनजी टाकीत रोज थोडा थोडा उडत असतो त्यामुळं वर्षानुवर्षं धरून ठेवता येत नाही. युरोप रिकाम्या झालेल्या जुन्या गॅसविहिरींत आणि मिठाच्या पोकळ्यांत गॅस भरून ठेवतो, 2022 मध्ये तर हिवाळ्याआधी 90 टक्के भरलंच पाहिजे असा नियम केला होता. आपल्याकडंही जुनी गॅसक्षेत्रं आहेत. नवीन टर्मिनलच्या उद्घाटनाला जेवढे नेते जमतात त्यातल्या चौघांनी जरी हा विषय लावून धरला तरी फरक पडेल.

आणि आपल्या जिल्ह्यापुरतं एक काम हाताशी आहे. साखर कारखान्यातनं निघणाऱ्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) बायोगॅस करून, शुद्ध करून तोच मिथेन सीएनजीच्या जागी वापरता येतो. केंद्राची 'सतत' (SATAT) नावाची योजना 2018 पासून आहे आणि गॅस कंपन्यांना असा गॅस मिसळणं आता बंधनकारक केलंय, 2025-26 ला 1 टक्का, 2028-29 पासून 5 टक्के. कोल्हापूरइतके कारखाने इतक्या जवळ जवळ दुसरीकडं फार कमी ठिकाणी आहेत. अडचण हंगामाची आहे, गाळप चार-पाच महिने आणि प्लांट चालवायचा बारा महिने, प्रेसमड उघड्यावर पडून राहिला की त्याच्यातला गॅस आधीच निघून जातो. त्यामुळं झाकून साठवायची सोय, सोबतीला शेणाचा आणि भाजी मार्केटच्या कचऱ्याचा पुरवठा, आणि दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक प्लांट, असं गणित बसवावं लागेल. यंदाच्या वार्षिक सभेला कारखान्याच्या सभासदांनी उसाच्या दुसऱ्या हप्त्याबरोबर हाही प्रश्न संचालकांना विचारावा, आपल्या प्रेसमडचं काय करताय आणि तो गॅस पाइपलाइनला जोडायला कुणाशी बोलणं चाललंय.